पोरगं बोबडं बोलतंय म्हणून दामटण्याआधी ताराबाई मोडकांची गोष्ट वाचा

भाईंदर पूर्वेचं इंद्रलोक. संध्याकाळची वेळ, खिडकीच्या ग्रिलवर कावळा येऊन बसलाय. साडेतीन वर्षांची पोरगी आनंदाने ओरडते, 'तावला!' आजी हसते, काका हसतो. मग काका समोर बसवून सांगतो, म्हण कावळा. ती म्हणते तावला. परत म्हण. तावला. परत. चौथ्या वेळी तिचा चेहरा उतरतो. आठ दिवसांनी तोच कावळा पुन्हा ग्रिलवर येतो, पण पोरगी काहीच बोलत नाही, नुसतं बोट दाखवते.

हे दृश्य कुठल्याही बिल्डिंगमधल्या कुठल्याही घरात घडू शकतं. हसण्यात कुणाचा दुष्टपणा नसतो, सुधारण्यातही नसतो. पण 'क' यायच्या आधीच बोलणं बंद झालं, तर पुढे 'क' येणार कुठून?

आता भाईंदरवरून विरारला जायचं, तिथून डहाणूची गाडी पकडायची. डहाणूच्या पुढचं स्टेशन घोलवड, चिकूसाठी प्रसिद्ध असलेलं. त्याला लागून समुद्राकाठचं बोर्डी आणि डहाणूच्या बाजूलाच कोसबाडची टेकडी. म्हणजे इंद्रलोकमधल्या लोकांना रोज लागणारी रेल्वेलाइनच. याच भागात एका बाईनं आयुष्याची शेवटची 28 वर्षं अशा मुलांमध्ये घालवली, जी शाळेचा माणूस दिसला की गप्प व्हायची नाहीतर पळून जायची. ती बाई म्हणजे ताराबाई मोडक.

अंगणवाडी म्हटलं की त्यांचं नाव निघतं. पण 'मूल बोलतं कसं होतं' या अंगाने त्यांच्या आयुष्याकडे फारसं कुणी पाहत नाही. ताराबाई काही स्पीच थेरपिस्ट नव्हत्या. त्यांच्या उमेदीच्या काळात असा व्यवसाय भारतात जवळपास नव्हताच. तरी घरी बसून मुलाचे उच्चार स्वच्छ कसे करून घ्यायचे, या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यांनी निवडलेल्या वाटेवर सापडतं.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 चा, मुंबईतला. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे, म्हणजे घरात सुधारणेचं वारं. मुलींनी शिकावं ही गोष्ट जिथे वाद घालून सिद्ध करावी लागायची, त्या काळात ताराबाई 1914 साली मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. पुढच्याच वर्षी लग्न झालं, अमरावतीच्या वकील मोडकांशी. अमरावतीचा संसार काही टिकला नाही. 1921 च्या सुमारास दोघं वेगळी झाली. पदरात लहान मुलगी, आणि वय जेमतेम 29.

त्या काळातली नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई म्हणजे माहेरी परत येऊन माजघरात गप्प बसणारी बाई, असंच चित्र लोकांच्या डोक्यात. ताराबाई मात्र गेल्या राजकोटला, बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य म्हणून. त्या खुर्चीवर भारतीय बाई बसणं हीच तेव्हा मोठी बातमी होती. पगार होता, मान होता, आयुष्य मार्गी लागलं होतं.

आणि दोनेक वर्षांत त्यांनी ते सगळं सोडलं.

कारण होतं भावनगर. तिथे नानाभाई भट्टांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका नावाचा माणूस 1920 पासून बालमंदिर चालवत होता. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं या विचारातून त्यांच्या हातात मारिया मॉन्टेसरींचं पुस्तक पडलं आणि वकिली सुटली. मिशीवाला हा गडी मुलांमध्ये इतका रमायचा की गुजरातेत त्यांना लोक मिशीवाली आई म्हणायला लागले. ताराबाईंना आपल्या मुलीच्या शिक्षणाची काळजी होतीच. 1923 साली त्या भावनगरला दाखल झाल्या आणि आईबरोबर शिक्षिकाही झाल्या.

इथे थोडं थांबून एक धागा बघायला हवा, कारण बोलण्याचा विषय इथूनच सुरू होतो.

मॉन्टेसरींची पद्धत म्हणजे लाकडी ठोकळे आणि महागडी नर्सरी, असं आज अनेकांना वाटतं. तिचं मूळ मात्र ऐकू न येणाऱ्या आणि न बोलणाऱ्या मुलांमध्ये आहे. फ्रान्समध्ये 1800 साली जंगलात एकटा वाढलेला एक मुलगा पॅरिसला आणला गेला. पुढे त्याचं नाव व्हिक्टर ठेवलं गेलं. पॅरिसच्या मूकबधिर संस्थेत जाँ इतार नावाचा तरुण डॉक्टर होता, त्याने या मुलाला बोलायला शिकवायचा पण केला. इतारने सुरुवात तोंडापासून केली नाही, कानापासून केली. मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि ढोल कुठला, घंटा कुठली हे ओळखायला लावायचं. मग त्याहून जवळजवळचे आवाज, मग माणसाच्या तोंडचे स्वर. व्हिक्टर शेवटपर्यंत नीट बोलू शकला नाही, मोजके शब्द तेवढे आले. पण इतारची रीत मागे राहिली. ती एदुआर सेगाँने उचलली, आणि या दोघांची पुस्तकं मॉन्टेसरींनी स्वतःच्या हाताने उतरवून काढली. 1907 साली रोममधल्या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह उघडलं तेव्हा हेच सामान त्यांच्या डोक्यात होतं. आधी इंद्रियं तयार करायची, शब्द त्यांच्या मागून येतात.

म्हणजे रांग अशी लागते. इतार, सेगाँ, मॉन्टेसरी, गिजुभाई आणि मग ताराबाई.

मॉन्टेसरीतला एक खेळ मराठी बालवाड्यांमध्ये शांतीचा खेळ म्हणून ओळखला जातो. मुलं डोळे मिटून अगदी गप्प बसतात. घड्याळाची टिकटिक ऐकू येते, लांबची बैलगाडी ऐकू येते. मग बाई दुसऱ्या खोलीतून कुजबुजत एकेकाचं नाव घेतात आणि ज्याचं नाव घेतलं तो पाय न वाजवता उठून जातो. गप्प बसवायची ही शिक्षा नव्हे. मुलाचा कान उघडायची ही युक्ती आहे.

इंद्रलोकच्या तावल्याशी याचा संबंध काय? सरळ आहे. मुलाला 'क' म्हणता येत नाही याची कारणं दोन असू शकतात. एक, त्याला 'क' आणि 'त' मधला फरक नीट ऐकूच येत नाही. दोन, फरक कळतो पण जिभेचा मागचा भाग वर उचलायचं तंत्र अजून जमलेलं नाही. ही दुसरी पोरं मजेशीर असतात. तुम्ही मुद्दाम 'तावला' म्हटलंत तर ती चिडतात आणि तुम्हालाच दुरुस्त करतात, तेही 'तावला' म्हणूनच! म्हणजे कानाला कळलंय, जीभ मागे आहे. पण कारण कुठलंही असो, दहादा 'परत म्हण' म्हटल्याने ना कान सुधारतो ना जीभ. घरात एवढा टीव्ही, मिक्सर आणि मोबाइल चालू असतो की मुलाला एकेक आवाज सुटा ऐकायची संधीच मिळत नाही. दिवसातली दहा मिनिटं सगळं बंद करून नुसतं ऐकायचं, खालून भाजीवाल्याची आरोळी येतेय का, लिफ्टचं दार वाजलं का, कुकरची शिट्टी कुठल्या मजल्यावरची. हे इतारच्या पट्टीचंच घरगुती रूप आहे. दोन डब्यांत तांदूळ, दोन डब्यांत तूरडाळ भरा आणि हलवून जोड्या लावायला सांगा. खर्च शून्य.

भावनगरच्या दिवसांची आणखी एक गंमत म्हणजे ताराबाई तिथे परक्या भाषेत शिकवत होत्या. मातृभाषा मराठी, पदवीपर्यंतचं शिक्षण इंग्रजीच्या वातावरणातलं, आणि आजूबाजूला काठियावाडी गुजराती बोलणारी मुलं. त्यांनी ती भाषा आत्मसात केली, गिजुभाईंबरोबर गुजरातीतून 'शिक्षणपत्रिका' चालवली. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे 1930 च्या दशकात मराठी 'शिक्षणपत्रिका'ही निघाली. या मासिकातून शिक्षकांशी बोलायचंच, पण आईबापांशीही बोलायचं, हे महत्त्वाचं. मूल शाळेत काही तास असतं, घरी बाकीचा दिवस. घरात मारझोड, धाक आणि चेष्टा चालू असेल तर बालमंदिरातली मोकळीक वाया जाते, हे गिजुभाई आणि ताराबाई दोघांनीही आयुष्यभर लिहिलं.

इंद्रलोकसारख्या वस्तीत हा भाषांचा मुद्दा फार जवळचा आहे. घरात मराठी, शेजारी गुजराती किंवा मारवाडी, खालच्या बागेत हिंदी, प्ले स्कूलमध्ये इंग्रजी. मग मूल उशिरा बोललं की सगळ्यात आधी आळ येतो तो भाषांवर. एकच भाषा ठेवा, घरात इंग्रजीच बोला असे सल्ले मिळतात. अनेक भाषा कानावर पडल्याने मुलाचं बोलणं बिघडत नाही. चार भाषांचे शब्द एका वाक्यात येतील, ते चालतं. उलट आईबापांनी आपली हातखंडा भाषा सोडून मोडक्यातोडक्या दुसऱ्या भाषेत बोलायला घेतलं की मुलाला घरातली गोष्टीवेल्हाळ, भरगच्च भाषा मिळायचीच बंद होते. शिवाय काही उच्चार शेजारामुळे बदलतात. सभोवती हिंदी असलेलं मूल 'शाळा' ला 'शाला' म्हणतं, कारण त्याच्या कानावर 'ळ' कमी पडतो. मराठीतला 'चहा' चा च आणि 'चाक' चा च वेगळा आहे. जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे जिवंत राहा, यांचं अक्षर एक पण 'ज' दोन. हे कुठल्याही पुस्तकात लिहून येत नाही, मोठ्यांच्या तोंडून ऐकूनच येतं. म्हणजे आज्जीने गोष्ट सांगणं ही सुद्धा थेरपीच, फक्त तिची फी नसते.

ताराबाई 1930 च्या दशकात मुंबईला परतल्या. 1936 साली दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झालं, बालमंदिर आणि शिक्षिका घडवणारं अध्यापन मंदिर. मध्यमवर्गीय दादरकरांची मुलं येऊ लागली, नाव झालं. 1939 मध्ये गिजुभाई गेले. त्याच वर्षी मारिया मॉन्टेसरी भारतात आल्या, महायुद्धामुळे इथेच अडकल्या आणि 1946 पर्यंत राहिल्या. त्यांच्या प्रशिक्षणवर्गांमुळे देशभरात मॉन्टेसरीचं वेड वाढलं. ताराबाईंना आता आरामात याच लाटेवर बसून राहता आलं असतं.

पण त्यांना एक गोष्ट टोचत होती. हे साहित्य महाग होतं, शाळा शहरात होत्या, मुलं सुखवस्तू घरांतली होती. देशातली बहुतेक मुलं तर खेड्यात होती. गांधीजींच्या विचाराचाही त्यांच्यावर परिणाम होता. आणि मग वयाच्या 53 व्या वर्षी, जेव्हा लोक निवृत्तीचे हिशोब मांडतात, तेव्हा या बाईनं दादर सोडून बोर्डी गाठली. साल 1945.

त्याच वर्षी बोरिवलीत ग्रामसेविकांचं एक शिबिर भरलं होतं. तिथे ताराबाईंना एक पस्तिशीतली शिक्षिका भेटली, अनुताई वाघ. अनुताई बालवयात विधवा झालेल्या, स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या. ताराबाईंनी खेड्यात यायचं विचारलं आणि अनुताई आल्या, त्या कायमच्याच. संसार मोडलेल्या आणि संसार न झालेल्या या दोन बायकांनी पुढची 28 वर्षं एकत्र काम केलं.

बोर्डीच्या आसपासचा काळ तेव्हा पेटलेला होता. तलासरी, डहाणू, उंबरगाव पट्ट्यात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा उभा राहत होता, गोदावरी आणि शामराव परुळेकर तिथे काम करत होते. पिढ्यान्‌पिढ्या सावकार, जमीनदार आणि जंगलखात्याचा माणूस यांच्यासमोर मान खाली घालून उभं राहायची सवय झालेल्या घरांतली मुलं ही. स्वच्छ कपड्यातली शहरी बाई दिसली की ती झोपडीत पळत. बालवाडी उघडली, जागा झाडली, आणि मुलंच येईनात.

इथे ताराबाईंचा खरा कस लागला. मुलं शाळेत येत नसतील तर शाळा मुलांकडे जाईल, असं ठरलं. पाड्यावर जायचं, एखाद्या घराच्या सारवलेल्या अंगणात बसायचं. मुलांना अंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे, मग गाणी, मग गोष्ट. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. रोममधून आलेल्या महागड्या साधनांच्या जागी चिंचोके, शिंपले, पानं, गोटे, बिया आल्या. मोजायला तेच, रंग ओळखायला तेच, खेळायलाही तेच. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी पुढे कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरं चरतायत तिथेच वर्ग. धाकट्या भावंडाला कडेवर घेतल्यामुळे ज्या पोरींना शाळेत येता येत नव्हतं, त्यांच्यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली गेली. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात हे सगळं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि विकासवाडी म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

आता भाषेचं बघा. ही मुलं घरी वारली बोलत, डोंगराच्या आणि समुद्राच्या काठच्या इतर बोली बोलत. पुस्तकी मराठी त्यांना जवळपास परकी. अशा मुलाने पहिल्या दिवशी तोंड उघडलं आणि बाईंनी त्याचा शब्द अशुद्ध म्हणून खोडला, तर दुसऱ्या दिवशी ते येणार नाही. शाळेतून गळणाऱ्या कित्येक मुलांची गोष्ट इतकीच असते. कोसबाडच्या कामात आधी ओळख, मग गप्पा, मग गाणं आणि पाटी-पेन्सिल सगळ्यात शेवटी, हा क्रम होता. मूल बोलायला लागलं ही पहिली कमाई मानली गेली.

इथे एक गल्लत आजही होते. बोली आणि बोबडेपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. 'पाणी' ला 'पानी' म्हणणारा माणूस बोबडा नसतो, त्याच्या घरी तसंच बोलतात. भाईंदरच्या खाडीकाठचे आगरी, कोळी, ईस्ट इंडियन यांची बोली इंद्रलोकच्या टॉवरांपेक्षा कितीतरी जुनी आहे. तिला सुधारायची गरज नाही. शाळेसाठी प्रमाण मराठी शिकायची, घरची बोली घरात ठेवायची, दोन्ही सुखाने नांदतात. बोबडेपणा वेगळा. घरातले सगळे 'रस' म्हणतायत आणि मूल 'लस' म्हणतंय, तेव्हा प्रश्न जिभेचा असतो. त्यातही वय बघावं लागतं. प, ब, म हे ओठांचे आवाज लवकर येतात कारण ते दिसतात. क, ग मागे दडलेले, त्यांना वेळ लागतो. स, श आणि विशेषतः र तर पाच-सहा वर्षांपर्यंतही रेंगाळतो. साधा ठोकताळा असा की तीन वर्षांच्या मुलाचं बरंचसं आणि चार वर्षांच्या मुलाचं जवळजवळ सगळं बोलणं परक्या माणसाला कळायला हवं. साडेतीन वर्षांच्या पोरीचा 'तावला' हा संकट नाही.

मग घरी करायचं काय? कोसबाडच्या अंगणातला क्रम इथेही लागू पडतो. मूल 'तावला' म्हणालं की हसायचं नाही, खोडायचं नाही, 'हो गं, कावळा! काळा काळा कावळा आलाय' असं सहज परत म्हणायचं. तिने म्हणायलाच हवं अशी अट नाही. बरोबर शब्द तिच्या कानात दोन-चारदा पडला, एवढं पुरे. मग खेळ. रस आणि लस, कार आणि तार, शाल आणि साल, अशा जोड्यांची चित्रं काढायची. आधी तुम्ही म्हणा आणि तिला चित्र उचलू द्या. फरक ऐकू येतोय की नाही ते इथेच कळतं. मग तिची पाळी, ती म्हणेल ते चित्र तुम्ही उचला. ती 'रस' मागायला गेली आणि तुमच्या हातात लस म्हणजे इंजेक्शनचं चित्र आलं की ती स्वतःच जीभ हलवून बघेल! चूक तुम्ही दाखवायची गरजच उरत नाही.

आपली वर्णमाला या कामात फार उपयोगी आहे. क-ख-ग ची ओळ घशाजवळ तयार होते, च-छ-ज टाळूला, ट-ठ-ड जीभ वर वळवून, त-थ-द दाताला आणि प-फ-ब ओठांवर. म्हणजे वरून खाली वाचत गेलं की घशापासून ओठांपर्यंत तोंडाचा नकाशाच मिळतो. आरसा घेऊन दोघांनी बसायचं आणि आवाज कुठे होतोय ते बघायचं. 'क' साठी मुलाला पाठीवर झोपवून म्हणायला लावलं तर जीभ आपोआप मागे सरकते. 'र' साठी भुर्र उडणारी चिमणी आणि डुर्र जाणारी रिक्षा पुरते. आधी नुसता आवाज, मग का-की-कू, मग शब्द, मग वाक्य. पाच-दहा मिनिटं, रोज, आणि मूल कंटाळण्याच्या आधी बंद. बडबडगीतं इथे कामाला येतात, कारण त्यात एकच आवाज पुन्हा पुन्हा येतो आणि कुणी परीक्षा घेतंय असं वाटत नाही. पाहुण्यांसमोर उभं करून पोएम म्हणायला लावणं मात्र यात बसत नाही.

घरगुती समजुतींपैकी काही सोडून दिलेल्या बऱ्या. वर्षाच्या आतल्या बाळाच्या जिभेला मध लावणं धोक्याचं आहे. तोंडात गोट्या किंवा खडे ठेवून बोलायला लावणं तर सरळ जिवाशी खेळ. जिभेखालचा पडदा कापून आणायची घाई अनेक जण करतात, बोबडेपणाचं कारण बहुतेक वेळा तो नसतोच. मेणबत्ती विझवून आणि फुगे फुगवून मुलाचं मनोरंजन होतं, उच्चार सुधारायला मात्र उच्चारच करावे लागतात.

आणि काही वेळा घरचं पुरत नाही, हेही तितकंच खरं. वर्षाचं मूल बडबडत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांनी दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेलं बोलणं गेलं असेल, तर वाट बघू नये. पहिली तपासणी कानाची. सतत सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पाणी साठून ऐकू कमी येतं आणि घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. भाईंदरवरून वांद्र्याला लोकल जाते, तिथे रेक्लमेशनजवळ 1983 साली स्थापन झालेली केंद्र सरकारची अली यावर जंग संस्था आहे, खास ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठी. मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयातही या विषयाचा जुना विभाग आहे. ताराबाईंच्या काळात अशा मुलाला मंद म्हणून मोकळे व्हायचे.

ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं. पण कोसबाडचं काम पुरस्कारानंतर सोपं झालं असं नाही. पैशांची ओढाताण कायम होती, शिक्षिका मिळणं कठीण, पावसाळ्यात पाड्यावर पोहोचणं त्याहून कठीण. तब्येत साथ सोडत गेली. गावागावांत अशा बालवाड्या व्हाव्यात हा त्यांचा ध्यास कधी सुटला नाही. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्या गेल्या.

दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, देशातल्या 33 गटांमध्ये. त्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. बोर्डीच्या पाड्यावरच्या सारवलेल्या अंगणातला मराठी शब्द आज तमिळनाडूपासून आसामपर्यंत सरकारी पाट्यांवर आहे.

कोसबाडच्या टेकडीवर अनुताई मागे राहिल्या. त्यांना 1985 साली पद्मश्री मिळाली, आणि 1992 साली जाईपर्यंत त्या तिथेच होत्या, मुलांच्या गोंगाटात.